डहाणू-तलासरी परिसरातील रस्ते आणि जुन्या मोटारींचे ब्रेक : एक ऐतिहासिक विवेचन

१. विषयाची व्याप्ती

जुन्या मोटारींविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात इंजिनाची शक्ती, बांध्याचे सौंदर्य आणि मालकांची परंपरा यांची चर्चा बहुधा आढळते. ब्रेकची चर्चा क्वचितच आढळते. वस्तुतः जुन्या मोटारीचा आणि आजच्या रस्त्याचा संबंध ज्या एका अवयवापाशी खऱ्या अर्थाने येतो, तो अवयव ब्रेक हाच होय. इंजिन बंद पडले तर गाडी जागीच उभी राहते आणि त्रास केवळ मालकाला होतो. ब्रेक निकामी झाला तर त्याचा परिणाम रस्त्यावरील इतर माणसांनाही भोगावा लागतो. म्हणूनच जुन्या गाडीचे ब्रेक मूळ स्थितीत राखावेत की त्यांत सुधारणा करावी, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांच्या संदर्भात केला आहे. असे करण्याचे कारण भौगोलिक आहे. या लहानशा टापूत तीन भिन्न प्रकारचे रस्ते एकत्र येतात. पश्चिमेस डहाणू, घोलवड आणि बोर्डी यांना जोडणारा, चिकूच्या वाड्यांतून आणि खाऱ्या वाऱ्यातून जाणारा किनाऱ्याचा रस्ता आहे. पूर्वेस जव्हारच्या पठारावरून कासामार्गे चारोटीकडे उतरणारा रस्ता आहे. या दोहोंच्या मधून चारोटी, तलासरी व अच्छाड या क्रमाने गुजरातच्या सीमेकडे जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग आहे. समुद्राची हवा, घाटाचा उतार आणि महामार्गाचा वेग या तीन गोष्टी ब्रेकची तीन निरनिराळ्या प्रकारे परीक्षा पाहतात.

२. लोहमार्ग व रस्ता : दोन भिन्न तत्त्वे

या प्रदेशात यांत्रिक वाहन प्रथम आले ते लोहमार्गाने. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची गाडी १८६४ मध्ये मुंबईपर्यंत येऊन पोहोचली आणि डहाणूचा किनारा एकीकडे मुंबईशी व दुसरीकडे गुजरातशी जोडला गेला. ब्रेकच्या इतिहासात लोहमार्गाचा उल्लेख अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु पुढील विवेचनाचे सूत्र त्यातच आहे.

जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ साली हवेच्या दाबाचा ब्रेक सिद्ध केला. त्याच्या पहिल्या रचनेत नळीत दाब सोडला म्हणजे ब्रेक लागत असे. म्हणून नळी फुटली की ब्रेकही जात असे. हा दोष ओळखून १८७२ च्या सुमारास त्याने तत्त्वच उलटे केले. नळीत दाब कायम असेपर्यंत ब्रेक सुटलेला राहावा आणि दाब गेला की तो आपोआप लागावा, अशी नवी योजना झाली. व्हॅक्यूम ब्रेकमध्येही हेच तत्त्व आहे : डबे एकमेकांपासून तुटले, नळीत हवा शिरली, की गाडी थांबते. आयर्लंडमधील आर्मा येथे १८८९ साली झालेल्या भीषण अपघातानंतर ब्रिटिश पार्लमेंटने त्याच वर्षी कायदा करून प्रवासी गाड्यांना असा स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. हिंदुस्थानातील रेल्वेगाड्यांवर दीर्घ काळ व्हॅक्यूम ब्रेकच होता. १९८० नंतर त्याची जागा हवेच्या दाबाच्या ब्रेकने क्रमाक्रमाने घेतली. परंतु बिघाड झाला तर वाहन थांबले पाहिजे, हे तत्त्व बदलले नाही.

रस्त्यावरील मोटारीने मात्र नेमका उलट मार्ग धरला. माल्कम लॉकहीड याने १९१७ च्या सुमारास द्रवदाबाच्या ब्रेकचे पेटंट मिळविले. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक आले आणि १९२४ च्या क्रायस्लरने ते मध्यम किमतीच्या गाडीत आणले. एका पेडलच्या दाबाने चारही चाकांवर सारखे बळ पोहोचविण्याची ही युक्ती दांड्या व तारा यांच्या जुन्या रचनेपेक्षा निःसंशय श्रेष्ठ होती. परंतु तिच्यात एक उणीव राहून गेली. चारही चाकांना जाणारा द्रव एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच मार्गाने जात असे. कोठेही एक नळी फुटली, एक रबरी वॉशर फाटला, की पाय थेट फळीला टेकत असे आणि चारही चाके एकाच वेळी मोकळी होत. मग हाती राहत असे तो केवळ हँडब्रेक.

अमेरिकेत दोन स्वतंत्र मार्गांची विभक्त रचना सक्तीची झाली ती १ जानेवारी १९६८ पासून. १८८९ ते १९६८ हे अंतर ७९ वर्षांचे आहे. लोहमार्गाने जो धडा एकोणिसाव्या शतकात घेतला, तो रस्त्यावरील मोटारीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तोही अर्धाच, घेतला. डहाणू रोड स्थानकातून धावणारी गाडी आणि चारोटीवरून धावणारी मोटार यांच्यात या बाबतीत दीर्घ काळ असे अंतर होते.

३. ड्रम आणि डिस्क

आरंभीच्या मोटारींत चाकाच्या धावेवर ठोकळा दाबण्याची बैलगाडीसारखीच रीत होती. हवा भरलेले टायर आले तेव्हा ती निरुपयोगी ठरली. पुढे ड्रमभोवती बाहेरून आवळणारे पट्टे आले; त्यांत पाणी व चिखल सहज शिरत असे. लुई रेनो याने १९०२ साली पुढे आणलेल्या रचनेत ब्रेक शू ड्रमच्या आत बसविले गेले आणि ही पद्धत पुढील अर्धशतक टिकली. त्याच वर्षी फ्रेडरिक लँचेस्टर याने इंग्लंडमध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. परंतु त्या काळातील धातू व रस्ते यांच्या स्थितीत ते व्यवहारात रुजले नाही. १९५३ साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक बसविलेली जॅग्वार विजयी झाली आणि १९५५ च्या सित्रोएन डीएसने पुढच्या चाकांना डिस्क देऊन ही रचना नित्य वापराच्या गाडीत आणली.

या दोहोंतील भेद नीट ध्यानात घेणे अगत्याचे आहे, कारण सुधारणा करताना होणाऱ्या बहुतेक चुका त्याच्या अज्ञानातून होतात. ड्रममध्ये फिरत्या ड्रमच्या ओढीमुळे पुढचा शू आपोआप अधिक घट्ट दाबला जातो. त्यामुळे थोड्या पायदाबात पुष्कळ रोध मिळतो आणि बूस्टरशिवायही काम भागते. परंतु घर्षणाची उष्णता ड्रमच्या आत कोंडते, ड्रम तापून प्रसरण पावतो, शू आणि त्याच्यामधील अंतर वाढते, लायनरचे घर्षण घटते, आणि पेडल क्रमशः खाली जाऊ लागते. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते व पाणी झटकून टाकते. मात्र तिच्यात स्वतःहून आवळण्याचा गुण नाही, म्हणून तिला अधिक द्रवदाब आणि बहुधा बूस्टरही लागतो.

४. भारतीय परिस्थिती

मुंबईत जनरल मोटर्सने १९२८ पासून मोटारींची जुळणी सुरू केली होती. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर, ज्यांना येथे प्रत्यक्ष उत्पादन करावयाचे नव्हते अशा परदेशी कंपन्यांनी आपली जुळणी थांबविली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथे १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी सिद्ध करण्यास आरंभ केला. तीच गाडी पुढे रूपांतरे होत १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. उत्तरपाड्याची अँबॅसेडर १९५८ पासून २०१४ पर्यंत निघत राहिली.

या दोन्ही गाड्यांची मूळ रचना १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील युरोपची, म्हणजे चारही चाकांना ड्रम असलेली होती. युरोपात त्या मागे पडल्या. येथे आयातीवरील निर्बंध आणि मर्यादित स्पर्धा यांमुळे त्या टिकून राहिल्या. मुंबईच्या टॅक्सी-ताफ्यातील अखेरची पद्मिनी २००३ साली नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती सेवेतून निवृत्त झाली. म्हणजे १९५३ च्या युरोपीय रस्त्यासाठी योजलेली गाडी जवळजवळ सत्तर वर्षे मुंबई परिसरात धावत होती. मूळ भागांची टंचाई, लेथवर ड्रम कातून घेण्याची सोय, शूला नवे लायनर मारून देणारे कारागीर आणि ब्रेक्स इंडियासारख्या, १९६२ साली स्थापन झालेल्या देशी उत्पादकांचा उदय यांमुळे या गाड्यांची निगा राखण्याची एक स्वतंत्र विद्या येथे निर्माण झाली. त्या विद्येचे लिखित साधन फार थोडे आहे; ती मिस्त्रींच्या हातात आहे.

या काळात रस्ता मात्र बदलला. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची विभागणी झाली, उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्राच्या सीमेवर राहिली. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ म्हणून ओळखला जाणारा, आता ४८ क्रमांकाचा हा रस्ता सुवर्ण चतुष्कोन योजनेत चौपदरी झाला. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची कमाल मर्यादा केंद्र शासनाने २०१८ साली घोषित केली. वेग दुप्पट झाला की थांबविण्याची ऊर्जा चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने सुखाने थांबणारी ड्रमची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावू लागली, की तिच्या ब्रेकवर चौपट काम पडते. त्यातच चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या यात्रेस येणारी पायी मंडळी, चारोटी नाक्यावरील वळणारी वाहने आणि पुढील अवजड ट्रक यांमुळे गाडी अकस्मात थांबविण्याचे प्रसंग या मार्गावर नित्य येतात.

केवळ आधुनिक ब्रेक असल्याने धोका टळतो, असेही नव्हे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मृत्युमुखी पडले. मोटार-कंपनीच्या प्राथमिक अहवालानुसार अपघातापूर्वी पाच सेकंद गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि ब्रेक लागल्यानंतर आदळण्याच्या क्षणी तो ८९ पर्यंत उतरला होता. ब्रेक कितीही उत्तम असला तरी त्याला अंतर व काळ लागतो. जुन्या गाडीच्या ब्रेकला तो अधिक लागतो.

५. स्थानिक परिस्थितीचे तीन परिणाम

पहिला परिणाम समुद्राचा. घोलवड-बोर्डीच्या बाजूस खाऱ्या हवेमुळे ब्रेकच्या पोलादी नळ्या आतबाहेरून गंजतात. चाकाजवळच्या क्लिपांखाली गंज दिसत नाही आणि नळी तेथेच फुटते. येथील गाडीला तांबे-निकेल मिश्रधातूच्या नळ्या बसविणे हा बाह्यतः न दिसणारा, परंतु अत्यंत उपकारक बदल होय.

दुसरा परिणाम दमट हवेचा व पावसाचा. ज्याला गॅरेजात ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, ते वस्तुतः तेल नव्हे. बहुतेक गाड्यांतील हा द्रव ग्लायकॉल जातीचा असून तो हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ३ प्रतीचा ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. द्रव उकळला की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागते. ‘ऑइल’ या नावाने फसून खनिज तेल ओतले, तर रबरी वॉशर फुगून सगळी रचना निकामी होते. वर्षातून एकदाच प्रदर्शनासाठी बाहेर निघणारी गाडी या दृष्टीने रोजच्या गाडीपेक्षा अधिक धोक्याची असते. उभ्या गाडीत ओलावा मुरतो, व्हील सिलिंडर गंजतात, पिस्टन जखडतात. म्हणून किलोमीटर मोजून नव्हे, तर दर दोन वर्षांनी द्रव बदलावा. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रम ओले राहतात. अशा वेळी खालच्या गिअरमध्ये, हलक्या पायाने ब्रेक दाबत थोडे अंतर जाऊन ते कोरडे करून घेणे आवश्यक असते.

तिसरा परिणाम उताराचा. जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच आहे. तेथून सुमारे ४०० मीटर खाली उतरणारी गाडी उंचीची जी ऊर्जा गमावते, ती ताशी ८० किलोमीटर वेगावरून सोळा वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते; गाडीचे वजन कमी वा अधिक असले तरी हे प्रमाण बदलत नाही. त्यातील मोठा वाटा इंजिनाने आणि हवेने शोषला पाहिजे. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक या गणिताशी तंतोतंत जुळतो.

६. सुधारणेचा क्रम

वरील विवेचनावरून सुधारणेचा एक तर्कशुद्ध क्रम निष्पन्न होतो. प्रचलित समजुतीनुसार पुढच्या चाकांना डिस्क बसविणे म्हणजेच ब्रेकची सुधारणा. ऐतिहासिक दृष्टीने पाहता हे तिसरे पाऊल होय.

पहिले पाऊल मूळ रचना तिच्या पूर्ण क्षमतेस आणणे हे आहे. ड्रम लंबवर्तुळाकार झाला असेल तर लेथवर कातून घ्यावा, मात्र उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपलीकडे नव्हे. पातळ ड्रम लवकर तापतो. लायनरचा वक्र ड्रमच्या वक्राशी जुळतो की नाही हे पाहावे. रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी आतून सुजतात व झडपेप्रमाणे द्रव अडवून धरतात. ब्रेक सोडूनही चाक अडकलेले राहते ते बहुधा यामुळेच. नळ्यांतील हवा काढताना सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. म्हणून ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. या एका बाबतीत मूळ वस्तू जपण्याचा आग्रह सर्वथा चुकीचा आहे. तो कामगाराच्या फुप्फुसाशी खेळ ठरतो.

दुसरे पाऊल म्हणजे एकेरी मार्गाच्या जागी दुहेरी मास्टर सिलिंडर बसविणे. पुढची दोन चाके एका मार्गावर व मागची दोन दुसऱ्यावर ठेवल्यास एक मार्ग निकामी झाला तरी दुसरा शिल्लक राहतो. लोहमार्गाने १८८९ मध्ये स्वीकारलेल्या तत्त्वाची ही अपुरी का होईना, पूर्तता आहे. गाडीचे बाह्यरूप त्याने बदलत नाही आणि मूळ सिलिंडर जपून ठेवल्यास तो पुन्हा बसविताही येतो. बदलाचा खर्च आणि त्यातून लाभणारे संरक्षण यांची तुलना केली असता याहून लाभदायक दुसरी सुधारणा दिसत नाही.

तिसरे पाऊल डिस्कचे. महामार्गावर वारंवार धावणाऱ्या किंवा घाट उतरणाऱ्या गाडीसाठी ते समर्थनीय आहे. परंतु ते सुटे काम नव्हे. ड्रमसाठी असलेल्या मास्टर सिलिंडरमधील शेषदाबाची झडप तशीच राहिली, तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात आणि तापतात. सिलिंडरचा व्यास अपुरा असेल तर पेडल खोल जाते. पुढे डिस्क व मागे ड्रम असता दोहोंतील प्रमाण साधले नाही, तर मागची चाके आधी जखडून ओल्या रस्त्यावर गाडी फिरते. चाकाच्या आत कॅलिपरला जागा पुरते की नाही, ॲक्सलची घडण वाढलेले बळ सोसते की नाही, हेही पाहावे लागते. दुसऱ्या गाडीचे भाग केवळ बसतात म्हणून बसविणे ही सुधारणा नव्हे.

७. कायदा आणि मूळ रूप

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापासून बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने विंटेज वाहनांसाठी नियम केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात येतात. सांगाडा, बांधा वा इंजिन यांत फेरफार झालेले वाहन त्यात बसत नाही. अशा वाहनास नित्य वा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर येण्याची मुभा नाही. या व्याख्येत ब्रेकचा नावाने निर्देश नाही. तथापि त्याचा अर्थ मनास येईल तो बदल करावा असा घेणे योग्य नव्हे. कोणताही बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा अभिप्राय घेणे इष्ट होय.

या संदर्भात वस्तुसंग्रहालयातील जतनाचा दंडक उपयोगी पडतो : बदल परत फिरविता येण्याजोगा असावा, मूळ भाग जपून ठेवावा आणि केलेल्या कामाची तारीखवार नोंद गाडीसोबत असावी. तसे केल्यास पुढील अभ्यासकाला १९५४ ची रचना कोणती व नंतरची कोणती, हे निःसंदिग्धपणे कळेल.

८. निष्कर्ष

डहाणू-तलासरीच्या टापूत जुन्या मोटारीच्या ब्रेकचा इतिहास हा तीन निरनिराळ्या गतींनी घडलेल्या बदलांचा इतिहास आहे. लोहमार्गाने सुरक्षित रोधनाचे तत्त्व फार आधी स्वीकारले. मोटारीने ते उशिरा स्वीकारले. आणि भारतीय बाजारात दीर्घ काळ टिकलेल्या गाड्यांपर्यंत ते आणखी उशिरा पोहोचले. दरम्यान रस्त्याचा वेग मात्र वाढत गेला. जुनी गाडी बदलली नाही म्हणून ती जशीच्या तशी राहिली, असे म्हणणे त्यामुळे पुरेसे होत नाही; तिच्याभोवतीचा रस्ता बदलल्याने तिच्या ब्रेकचे काम बदलले आहे. जी गाडी वाडीच्या अंगणात उभी राहावयाची आहे, तिचे मूळ ब्रेक मूळ रूपात राखण्यास काहीच प्रत्यवाय नाही. जी गाडी चारोटीच्या नाक्यावरून अच्छाडकडे न्यावयाची आहे, तिचा द्रव ताजा असावा, नळ्या निर्दोष असाव्यात, तिला निदान दुसरा स्वतंत्र मार्ग असावा आणि चालकाने आपल्या गाडीच्या काळाला साजेलसा वेग राखावा.